इब्न फिरनासची शेपटी

दर काही महिन्यांनी मोबाईलवर एक संदेश फिरून येतो. ‘राइट बंधूंच्या हजार वर्षं आधी एका मुसलमानाने आकाशात उड्डाण केलं!’ सोबत पंख बांधलेल्या दाढीवाल्या माणसाचं चित्र असतं. खाली ‘माशाअल्लाह’चा पाऊस पडतो. मग कुणीतरी पुष्पक विमान आणतं, कुणी मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवल्याचा दावा पुढे करतं. पहिला कोण, यावर भांडण सुरू होतं आणि तिथेच संपतं.

संदेशातला माणूस खरा आहे. अब्बास इब्न फिरनास हा नवव्या शतकातला, अंदलूसमधल्या (म्हणजे आजच्या स्पेनमधल्या) कुर्तुबा शहरातला विद्वान. कवी होता, संगीत जाणत होता, काच तयार करण्याचं तंत्र आणि पाण्यावर चालणारं घड्याळ यासाठीही तो ओळखला जातो. चंद्रावरच्या एका विवराला त्याचं नाव दिलेलं आहे. इ. स. ८७५च्या सुमारास, साठी ओलांडल्यावर, अंगावर पिसं लावून आणि पंख बांधून त्याने उंचावरून उडी घेतली असं मानतात. तो बराच अंतर तरंगत गेला. पण उतरताना आपटला आणि त्याची पाठ चांगलीच दुखावली.

फिरत्या संदेशात नसलेली गोष्ट इथून पुढे आहे. सतराव्या शतकातला इतिहासकार अल-मक्करी या उड्डाणाची हकिकत देताना आपटण्याचं कारणही देतो. पक्षी जमिनीवर उतरतात तेव्हा शेपटीचा आधार घेतात, हे इब्न फिरनासच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याने पंख केले, शेपटी केली नाही.

या एका वाक्यात विमान अपघाताच्या तपासाचं सगळं सार आहे. काय घडलं, का घडलं, पुढच्याने काय करावं. तो पहिला होता की नाही यापेक्षा हे वाक्य मला मोलाचं वाटतं. प्रश्न इतकाच, की हा धडा पुढच्या माणसापर्यंत पोहोचला का?

सनद तुटली

नाही पोहोचला. त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी, अकराव्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्लंडमधल्या माम्सबरी इथल्या मठात एल्मर नावाचा तरुण साधू होता. त्यानेही हातापायांना पंख बांधून मनोऱ्यावरून झेप घेतली. दोनशे मीटरच्या आसपास गेला, मग कोसळला. दोन्ही पाय मोडले आणि तो जन्मभर लंगडत राहिला. त्याच मठातला इतिहासकार विल्यम लिहितो, की एल्मर स्वतःच आपल्या अपयशाचं कारण सांगायचा: मी शेपटी लावायला विसरलो.

साधारण त्याच काळात, तिकडे खुरासानमधल्या निशापूरला, अल-जौहरी हा अरबी भाषेचा मोठा कोशकार मशिदीच्या छतावरून लाकडी पंख बांधून उडायला गेला आणि पडून मेला, असं चरित्रकार सांगतात. ज्याच्या ‘अल-सिहाह’ या कोशावर पुढे अरबी जाणणाऱ्या पिढ्या वाढल्या, त्या माणसाकडे शब्दांची एवढी माहिती होती. पण कुर्तुब्यात कोण का पडलं, ही माहिती नव्हती.

आपल्याकडे म्हण आहे, ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’. म्हण खरी आहे, पण अर्धीच. मागचा आपोआप शहाणा होत नाही. ठेच लागलेल्याने थांबून मागे वळून सांगावं लागतं, आणि मागच्याने ते ऐकावं लागतं. हदीसच्या अभ्यासकांनी यासाठीच सनदेची शिस्त घातली: कुणी सांगितलं, कुणाकडून ऐकलं, सांगणारा भरवशाचा आहे का. इब्न फिरनासच्या उड्डाणाला अशी साखळी मिळाली नाही. त्याच्या काळातला जो दुवा हाती आहे तो मोमिन इब्न सईद या दरबारी कवीचा, आणि हा कवी इब्न फिरनासची टवाळी करण्यासाठी ओळखला जायचा. कारण सांगणारा अल-मक्करी तर साडेसातशे वर्षांनंतरचा. मधल्या काळात शेपटीचा धडा कुणाच्या कामाला आला, याचा मागमूस नाही.

पडलेल्याने बोलायला सुरुवात केली

जर्मनीच्या ओटो लिलिएंथालपासून चित्र बदलतं. त्याने टेकड्यांवरून सुमारे दोन हजार वेळा ग्लायडर उडवलं आणि प्रत्येक गोष्ट लिहून, मोजून, छायाचित्रं काढून प्रसिद्ध केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्याचं ग्लायडर हवेत थबकलं आणि कोसळलं. पाठीचा कणा मोडून दुसऱ्या दिवशी तो गेला. ही बातमी अमेरिकेत सायकलींचं दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंनी वाचली आणि तिथून त्यांची उड्डाणाची ओढ जागी झाली. त्यांनी लिलिएंथालचं लिखाण अभ्यासलं. हा माणूस अंग इकडेतिकडे झुकवून तोल सांभाळत होता, ते पुरेसं नाही, हवेत तोल सांभाळण्याची यंत्रणा विमानातच हवी, हे त्यांनी ओळखलं. लिलिएंथाल मेला, पण त्याच्या वह्या बोलत राहिल्या.

त्याहून मोठी गोष्ट २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या माळावर घडली. विल्फ्रेड पार्क हा नौदलाचा लेफ्टनंट एका छोट्या अॅव्ह्रो विमानातून उतरत असताना विमान अचानक गिरकी घेत खाली जाऊ लागलं. गिरकीत सापडलेला वैमानिक त्या काळी क्वचितच वाचायचा. उंची जेमतेम सातशे फूट होती. पार्कने सुचेल ते केलं: इंजिनाचा जोर वाढवला, नाक वर ओढलं, सुकाणू गिरकीच्याच दिशेला दिलं. काहीच उपयोग झाला नाही. जमीन पन्नास फुटांवर आली तेव्हा त्याने सुकाणू पूर्ण उलट्या बाजूला दाबलं. गिरकी थांबली, विमान सरळ झालं.

उतरल्या उतरल्या पार्कने जमलेल्या जाणकारांना सगळं क्रमवार सांगितलं: आधी काय केलं, काय चुकलं, शेवटी काय लागू पडलं. ते छापून आलं. पार्क स्वतः त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका अपघातात मरण पावला. पण त्याचं सांगणं मागे उरलं. १९१७ साली फ्रेडरिक लिंडेमान या भौतिकशास्त्रज्ञाने फार्नबरो इथे स्वतः विमान मुद्दाम गिरकीत घालून, आत बसून आकडे नोंदवले आणि गिरकीचं शास्त्र मांडलं. आज जगभरच्या फ्लाइंग क्लबात गिरकीतून सुटण्याचा जो क्रम शिकवतात, त्यात ‘उलटं सुकाणू’ आहेच.

शेवटचं वळण

छंद म्हणून दोन-चार आसनी विमान उडवणाऱ्यांचे अपघात पाहिले, तर तीच तीच कारणं पुन्हा भेटतात. त्यातलं एक समजून घेण्यासारखं आहे.

पंख विमानाला उचलून धरतो, कारण हवा त्याला चिकटून वाहत जाते. नाक फार वर ओढलं, की पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन वाढत जातो. साधारण १५ अंशांच्या पुढे हवा पंखावरून सुटते आणि उचल एकाएकी घटते. इंजिन चालू असलं तरी विमान पडतं. अशा वेळी माणसाची उपजत प्रवृत्ती नाक आणखी वर ओढण्याची असते आणि तीच घात करते. खरा उपाय मनाला न पटणारा आहे: पडत असताना नाक खाली करायचं.

आता धावपट्टीकडे येणारं छोटं विमान डोळ्यांसमोर आणा. शेवटचं वळण घ्यायचं आहे आणि मागून वारा आहे. वळण थोडं पुढे गेलं, धावपट्टी बाजूला सरकली. वैमानिकाला वाटतं, जरा सुकाणू दाबून नाक लवकर फिरवावं. विमान जास्त कलू नये म्हणून तो हाताने उलटा दाब देतो आणि नाक किंचित वर ओढतो. आतल्या बाजूचा पंख आधी सुटतो, विमान त्या बाजूला उलटून गिरकीत जातं. उंची असते पाचशे फूट किंवा त्याहूनही कमी. गिरकीतून सुटायला छोट्या प्रशिक्षण विमानालाही हजार फुटांच्या आसपास उंची लागते. म्हणजे पार्कचा उपाय माहीत असूनही इथे वेळ मिळत नाही. इथे धडा वेगळा आहे: वळण चुकलं तर ते ओढूनताणून बसवू नका, इंजिनाला जोर द्या, वर जा, पुन्हा फेरी मारून या. दहा मिनिटं जातील, चारचौघांत थोडा कमीपणा वाटेल, एवढंच.

१७८ सेकंद

दुसरं कारण म्हणजे डोळ्यांपुढचं क्षितिज हरवणं. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने एक प्रयोग केला. उपकरणांवर विसंबून उडण्याचं शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना, बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिलं. सोबत प्रशिक्षक होता म्हणून सगळे वाचले. पण विसांपैकी एकालाही ताबा राखता आला नाही. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले, तीन मिनिटंसुद्धा नाहीत. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा हवेत फसते. विमान कलत, खाली घसरत असताना शरीर सांगत राहतं, की आपण सरळ चाललो आहोत.

हा निष्कर्ष वैमानिकांच्या शिक्षणात आला, पुस्तकांत आला. तरी ४५ वर्षांनी, १६ जुलै १९९९ च्या रात्री, माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा जॉन केनेडी ज्युनियर आपलं छोटं पायपर विमान घेऊन न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाला. सोबत पत्नी आणि मेहुणी. खाली काळा समुद्र, वर धुरकट आकाश, क्षितिजाचा पत्ता नाही. उपकरणांवर उडण्याचा परवाना त्याच्याकडे नव्हता. एका प्रशिक्षकाने सोबत येण्याची तयारी दाखवली होती. त्याने नको म्हटलं. विमान समुद्रात कोसळलं, तिघेही गेले. चौकशीत कारण निघालं ते हेच: दिशेचं आणि तोलाचं भान सुटणं. धडा लिहिलेला होता. तो प्रत्येकाने स्वतःला लागू करायचा असतो, हे त्या रात्री राहून गेलं.

नाव पुसा, पण सांगा

इथे सर्वांत अवघड प्रश्न येतो. अपघात होतो तेव्हा चौकशी होते. पण थोडक्यात वाचलेल्याचं काय? तो घरी जातो आणि गप्प बसतो. परवाना जाईल, लोक हसतील.

१ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचं प्रवासी विमान डोंगरावर आदळून ९२ माणसं मेली. नंतर उघड झालं, की सहाच आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजामुळे आदळता आदळता वाचलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. बाकीच्यांपर्यंत ते पोहोचलंच नाही. या धक्क्यातून १९७६ साली अमेरिकेत एक व्यवस्था उभी राहिली. वैमानिकाने आपली चूक नासाकडे लिहून पाठवायची. नासा नाव पुसून टाकते आणि धडा सगळ्यांना वाटते. चूक मुद्दाम केलेली नसेल, अपघात झालेला नसेल आणि दहा दिवसांत कळवलं असेल, तर सहसा दंडातूनही सूट मिळते. ही सोय मोठ्या विमानांच्या वैमानिकांइतकीच रविवारी हौसेने उडणाऱ्यालाही आहे. ब्रिटनमध्ये अशीच व्यवस्था १९८२ साली सुरू झाली.

मुहद्दिसांनी खबर पारखण्यासाठी सांगणाऱ्याचं नाव जपलं; इथे खबर मिळावी म्हणून सांगणाऱ्याचं नाव पुसलं. रीत उलटी, हेतू एकच: खरी गोष्ट पुढच्यापर्यंत पोहोचावी.

याची एक देशी आठवण आहे. १९२९ साली तिसऱ्या आगाखानांनी इंग्लंड ते भारत हे अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी बक्षीस लावलं होतं. देशातला पहिला वैमानिक परवाना मिळवणारे जे. आर. डी. टाटा या शर्यतीत होते आणि अस्पी इंजिनियर हा तरुणही. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसला होता. टाटांनी आपल्याकडचे जादा प्लग त्याला दिले. बक्षीस अस्पीने जिंकलं. कुर्तुब्याच्या कवीने प्रतिस्पर्ध्याची टवाळी केली होती. इथे प्रतिस्पर्ध्याने त्याला पुढे जायला मदत केली.

आपला सुवर्णकाळ सांगायला आपल्याला आवडतं आणि त्यात गैर काही नाही. पण अंदलूसचा वारसा सांगताना आपण पंख तेवढे उचलतो आणि पाठीचं दुखणं वगळतो. आपल्या संस्था, शाळा, पतपेढ्या, जमाती यांच्या इतिहासातही उद्घाटनांच्या तारखा असतात. बंद का पडलं हे कुठे लिहिलेलं सापडत नाही. मग वीस वर्षांनी दुसऱ्या गावात तीच पतपेढी त्याच कारणाने बुडते. बोलणाऱ्याला आपण ‘घरचं वाभाडं काढतो’ म्हणून गप्प करतो.

फिरता संदेश पुन्हा येईल. तेव्हा त्याखाली एवढंच लिहावं: हो, तो उडाला. आणि शेपटी नव्हती म्हणून पडला. हेही पुढे पाठवा.