हातानं मोजलेला एक्स-रे

एक्स-रे काढायला गेलात की टेक्निशियन "श्वास धरा" म्हणतो आणि झटकन भिंतीआड जातो. आपण मात्र तिथेच. मनात येतंच ना, हा का पळाला?

त्यासाठी क्लॅरेन्स डॅलीला भेटू. अमेरिकेत न्यू जर्सीला, एडिसनच्या प्रयोगशाळेत तो काचकाम करायचा. 1895 च्या नोव्हेंबरात जर्मनीत रॉन्टगेनला हे किरण सापडले आणि 1896 मध्ये एडिसननेही त्यांच्यावर काम सुरू केलं. नळी नीट चालतेय का, हे कसं बघायचं? मोजायला यंत्रच नव्हतं. मग डॅली आपला हात नळी आणि पडद्याच्या मध्ये धरायचा. हाडं स्पष्ट दिसली की नळी चांगली! डावा हात भाजला, तेव्हा त्याने उजवा पुढे केला. पुढे कॅन्सर झाला, दोन्ही हात कापावे लागले. 1904 मध्ये तो गेला. वय फक्त 39. एडिसनने तर धसका घेतला आणि एक्स-रेचं काम सोडूनच दिलं.

खरी चीड पुढच्या गोष्टीची येते. 1901 मध्येच बोस्टनच्या विल्यम रोलिन्स या डेंटिस्टने गिनीपिगवर प्रयोग करून दाखवलं होतं, की हे किरण जीव घेऊ शकतात. नळीला शिशाचं आवरण घाला, पेशंटचा तपासायचा भाग सोडून बाकीचं अंग झाका, असं तो सांगत होता. फार कुणी ऐकलं नाही.

नंतर मोजमाप आलं, तेही कातडीवरूनच. कातडी लाल व्हायला जेवढा डोस लागतो, त्याचा शंभरावा भाग महिन्याभरात चालेल, असं आर्थर मुत्शेलरने 1925 च्या सुमारास सुचवलं. अंदाजच होता, पण निदान एक रेघ तरी आखली गेली. 1928 मध्ये स्टॉकहोमला आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि पुढे ती रेघ खाली खालीच येत गेली.

आज आपल्याकडे टेक्निशियनच्या छातीवर, लेड एप्रनच्या आत, एक छोटा टीएलडी बॅज असतो. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो. (काही जण तो ड्रॉवरमध्येच ठेवतात. मग तो ड्रॉवरचा डोस मोजतो, दुसरं काय!) अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी घातलेली मर्यादा आहे, पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलीसीव्हर्ट. छातीच्या एका एक्स-रेत तुम्हाला मिळतो साधारण 0.1 किंवा त्याहून कमी. तुमच्या अंगावरून विखुरलेले किरण त्याच्यापर्यंत पोचतात ते याहून कितीतरी थोडे. पण तुमचा फोटो एकच, आणि तो दिवसभर एकामागून एक काढत असतो, वर्षानुवर्षं. म्हणून तो भिंतीआड जातो.