अडीच फुटांची साक्ष

पर्यटकाच्या नजरेनं पाहिलं तर पाचोरा–जामनेर ही अजिंठ्याची गाडी. खान्देशात तिला ‘पीजे’ म्हणतात. मुंबईहून आलेल्या माणसानं पाचोऱ्याला मोठी गाडी सोडायची, शेजारच्या छोट्या रुळांवर उभ्या असलेल्या डब्यात बसायचं, पहूरला उतरायचं आणि तिथून सडकेनं लेण्यांजवळचं फर्दापूर गाठायचं. प्रवास असा होत असे, यात शंका नाही. पण रूळ त्या प्रवासासाठी टाकले होते का?

या प्रश्नाचं उत्तर देणारा पहिला दस्तऐवज म्हणजे नकाशा. पाचोऱ्याहून निघालेली वाट वरखेडीवरून पूर्वेला शेंदुर्णीपर्यंत येते. शेंदुर्णी म्हणजे त्रिविक्रमाचं गाव. लेणी इथून दक्षिणेच्या डोंगरात. रूळ मात्र ईशान्येला वळतात आणि पहूर, भागदरा करत जामनेरला जाऊन थांबतात. लेण्यांकडे निघालेली गाडी ऐन जवळ आल्यावर पाठ फिरवत नाही. शेंदुर्णी, पहूर, जामनेर ही कपाशीच्या मुलखातली बाजाराची गावं आहेत. छप्पन्न किलोमीटरचा हा फाटा पाचोऱ्याला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेच्या मुख्य मार्गाला मिळतो, आणि तो मार्ग मुंबई बंदराला. माझ्या मते हा फाटा गाठोड्यांसाठी होता. चित्रं बघायला निघालेली माणसं त्यात नंतर बसली. नावही तेच सांगतं : दोन टोकांची दोन गावं, अजिंठा कुठंच नाही.

शिवाय मध्ये सरहद्द होती. पहूर आणि जामनेर इंग्रजांच्या पूर्व खान्देश जिल्ह्यात, तर घाटाच्या पायथ्याचं फर्दापूर आणि लेणी निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात. फाटा सुरू झाला १९१८-१९ च्या सुमारास, पहिलं महायुद्ध संपता संपता. जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं दहाव्या लेण्यात आपलं नाव कोरलं ते एप्रिल १८१९ मध्ये. म्हणजे त्या ओरखड्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी आगगाडी इतकी जवळ आली, आणि तीही सरहद्दीअलीकडेच राहिली.

दुसरा दस्तऐवज म्हणजे रुळांमधलं अंतर : अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. या मापाला महाराष्ट्रात ठळक नाव मिळवून दिलं ते बार्शी लाइट रेल्वेनं. तिचा कर्ता इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप १८८२ मध्ये जीआयपीच्या नोकरीत आला आणि अरुंद रुळांवरही भरपूर माल वाहता येतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. युक्ती साधी होती. इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. तेवढं सांभाळलं की हलके, स्वस्त रूळ पुरतात. लीड्सच्या किट्सन कारखान्यानं त्याच्यासाठी आठ जोडचाकांची इंजिनं केली. लीड्सजवळ न्यूले इथं तात्पुरते रूळ अंथरून लोकांना गाडी चालवून दाखवली, आणि त्याच वर्षी, १८९७ मध्ये, ती बार्शीला धावू लागली. पुढं १९०४ मध्ये स्टॅफर्डशरमधल्या लीक–मॅनिफोल्ड लाइनसाठी कॅल्थ्रॉपनं तेच माप आणि जवळपास बार्शीसारखेच डबे वापरले. म्हणजे एकदा तरी आपल्याकडचा नमुना विलायतेला गेला. ती लाइन १९३४ मध्ये बंद पडली, तिची इंजिनं भंगारात गेली, रुळांच्या जागी पायवाट झाली. तरी छोट्या प्रतिकृती करणारे इंग्रज हौशी आजही तिच्यावर जीव टाकतात. मात्र माप एक म्हणून वंश एक, असं पीजेबद्दल म्हणायची घाई करू नये.

पीजेत माणसं किती बसत, हे ठरवायला जुन्या पुठ्ठ्याच्या तिकिटांवर संग्राहकांचा फार भरवसा असतो. एडमन्सन पद्धतीचं ते तिकीट, सुमारे ५७ बाय ३० मिलिमीटरचं. पण प्रवास संपला की ते फाटकावर परत द्यायचं असे. हाती राहिलं ते बहुधा न विकलेलं, किंवा कुणीतरी चुकवून खिशात ठेवलेलं. अशा तिकिटांच्या ढिगावरून गर्दीचा अंदाज बांधणं म्हणजे उरलेल्या ताटांवरून पंगत मोजण्यासारखं.

त्यापेक्षा प्रतिकृतीवाल्यांचं गणित मला जास्त विश्वासाचं वाटतं. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथं एकदा उभं राहिलं की कुणालाही आपल्या गावचं स्टेशन टेबलावर मांडावंसं वाटतं. मला पहूर मांडावंसं वाटलं आणि तिथंच गंमत कळली. एकास सत्त्याऐंशी हे प्रमाण धरलं तर ७६२ चे पावणेनऊ मिलिमीटर होतात. बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ मिळतात. पीजे जवळजवळ अचूक बसते. औरंगाबादच्या बाजूनं यायचं तर पूर्वी निजामाची मीटरगेज होती. तिचे साडेअकरा होतात, रूळ बारा मिलिमीटरचे मिळतात, तेही चालतं. पण जळगाव-पाचोऱ्याची आपली ब्रॉडगेज १६७६ ची, म्हणजे सव्वाएकोणीस, आणि सर्रास मिळणारे रूळ साडेसोळाचे, कारण ते इंग्लंड-युरोपच्या १४३५ च्या मापावरून केलेले. अजिंठ्याभोवतीच्या तीन मापांपैकी टेबलावर खोटं पडतं ते सर्वांत मोठं.

पीजे मार्च २०२० मध्ये थांबली. आता त्या वाटेवर ब्रॉडगेज करून ती जामनेरपुढं बोदवडपर्यंत न्यायचं काम आहे. पहूरला मोठी गाडी येईल तेव्हा टेबलावरचे नऊ मिलिमीटरचे रूळ उचलून तिथं साडेसोळाचे टाकावे लागतील, आणि पावणेतीन मिलिमीटर चुकतील.