नांदूरमध्यमेश्वर : बंधाऱ्याने घडविलेले पक्षितीर्थ

गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ, नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिंचनासाठी बंधारा बांधण्यात आला. पुराबरोबर येणारा गाळ त्याच्या फुगवट्यात साचत गेला. उथळ पाणी, गाळाची बेटे आणि पाणवनस्पती यांमुळे पाखरांना आयताच निवारा लाभला. १९८६ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले, तर जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. पुढे लोणार (२०२०) आणि ठाणे खाडी (२०२२) यांनाही हा दर्जा मिळाला. 'महाराष्ट्राचे भरतपूर' ही या परिसराची जुनी ओळख आहे.

काय पाहाल?

अडीचशेच्या आसपास जातींचे पक्षी येथे नोंदविले गेले आहेत. मध्य आशिया व लडाखच्या बाजूने येणारा केशरी-तपकिरी चक्रवाक, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या आणि लांब शेपटीचा तलवार बदक हे हिवाळी पाहुणे. कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यामुळे ओळखू येणारा काळा वारकरी, जांभळी पाणकोंबडी, चमचा, चित्रबलाक आणि शेकाट्याही येथे दिसतात. पाण्यावर घिरट्या घालणारा दलदली भोवत्या आला की बदकांचे थवे एकदम उठतात. तो क्षण चुकवू नये.

कधी व कसे जाल?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. नाशिकहून सुमारे ४० किलोमीटर अंतर असून जवळचे रेल्वेस्थानक निफाड आहे. चापडगाव येथे निरीक्षण मनोरे आहेत. सूर्योदयापूर्वी पोहोचावे. दुर्बीण, मातकट रंगाचे कपडे आणि पिण्याचे पाणी सोबत असावे. परिसरातील तरुण मार्गदर्शक म्हणून काम करतात. त्यांच्यासोबत फिरल्यास नवख्यालाही अधिक पक्षी दिसतात.

पाण्यावरच सारी भिस्त

हे जलाशय मुळात शेतीसाठी आहे. वरच्या धरणांतून येणारे पाणी येथूनच गोदावरीच्या डाव्या व उजव्या कालव्यांत वळविले जाते. आवर्तनाबरोबर पातळी बदलते. पाणी फार चढले, तर चिखलात किडे टिपणाऱ्या पक्ष्यांची जागा बुडते. फार उतरले, तर पाणथळच आक्रसते. जलपर्णीचा विळखा ही दुसरी चिंता. तिने व्यापलेल्या भागात सूर्यप्रकाश पाण्यात पोहोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे कमी होतात आणि बदकांना उतरायला मोकळे पाणीही उरत नाही. सांडपाण्यातील पोषक द्रव्ये तिच्या वाढीस हातभार लावतात. त्यामुळे या पाणथळाचे भवितव्य केवळ अभयारण्याच्या हद्दीत ठरत नाही. नदीकाठची गावे, शहरे आणि शेती यांच्या हाती तेही आहे.

पर्यटकांच्या हाती मात्र एवढे नक्की आहे : गोंगाट टाळावा, छायाचित्रासाठी थवे उडवू नयेत आणि कचरा परत न्यावा. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला खाणे आणि विश्रांती हवी असते. ती त्याला निर्विघ्न मिळाली, तरच पुढच्या हिवाळ्यातही चक्रवाकाची साद येथे ऐकू येईल.