मधुमेह आणि कंपवात : मेंदूतील संबंध

प्रकार २ चा मधुमेह असलेल्यांना पुढे कंपवात, म्हणजे पार्किन्सन, होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. फिनलंडमधील ५१,५५२ स्त्री-पुरुषांच्या पाहणीत (२००७) हा धोका सुमारे ८५ टक्क्यांनी अधिक आढळला. इंग्लंडमधील रुग्णालयांच्या नोंदींत (२०१८) वाढ ३२ टक्केच निघाली, पण २५ ते ४४ या वयोगटात धोका जवळपास चौपट होता. कंपवात मुळातच कमी जणांना होतो. बहुसंख्य मधुमेहींना तो कधीच होत नाही, म्हणून या आकड्यांनी घाबरून जाऊ नये.

रक्तातली साखर उतरवणारे संप्रेरक एवढीच इन्शुलिनची ओळख अपुरी आहे. चेतापेशींवरही त्याचे ग्राही असतात. मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या काळपट पट्ट्यातही ते आहेत. कंपवातात मरतात त्या याच पट्ट्यातील डोपामीन बनवणाऱ्या पेशी. एकेका पेशीचा तंतू असंख्य फाटे फुटून दूरवर पसरलेला असतो आणि एवढा पसारा सांभाळायला तिला ऊर्जा अखंड लागते. प्रकार २ च्या मधुमेहात होते तशा पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा झाल्या की ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांचे काम मंदावते आणि बिघडलेली प्रथिने मोडीत काढण्याची व्यवस्था ढिली पडते.

दुसरा धागा थेट साखरेचा. जादा ग्लुकोजमधून मिथिलग्लायॉक्झल हे उपद्रवी रसायन तयार होते. ते अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाला चिकटले की त्याचे विषारी पुंजके होऊ लागतात. कंपवाताची खूण असलेले लेवी पिंड मुख्यतः याच प्रथिनाचे असतात, हे १९९७ मध्ये कळले. मधुमेहात स्वादुपिंडात अमायलिन हे प्रथिन साचते, आणि परीक्षानळीत त्याच्या सान्निध्यात अल्फा-सायन्यूक्लीन लवकर गोठते. हा पुरावा मात्र बव्हंशी प्रयोगशाळेतला आहे.

मग मधुमेहाचे औषध कंपवातावर चालेल का? गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतील घटकावरून मधुमेहासाठी एक्सेनाटाइड हे औषध घडवले गेले. लंडनमधील ६२ कंपवातग्रस्तांवरील चाचणीत (२०१७) त्याने हालचालींत थोडी सुधारणा दाखवली. फ्रान्समध्ये १५६ रुग्णांवरील चाचणीत निम्म्यांना त्याच कुळातील लिक्सिसेनाटाइड वर्षभर दिले, तेव्हाही आजार किंचित रोखला गेला (२०२४). पण औषध घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना मळमळीने हैराण केले. पुढे १९४ रुग्णांवरील चाचणीत निम्म्यांना ९६ आठवडे एक्सेनाटाइड देऊन पाहिले, तेव्हा काहीच फायदा झाला नाही (२०२५). निकाल निराश करणारा असला तरी तोच अधिक भरवशाचा आहे. कंपवातासाठी ही औषधे स्वतःहून सुरू करू नयेत.

दोन्ही आजार एकत्र असले की चाल आणि विचारशक्ती अधिक बाधित होते. मधुमेह्याची चाल मंदावली तर पायांच्या नसांवर खापर फुटते आणि निदान लांबते. चालताना एकच हात न हलणे, अक्षर बारीक होत जाणे, शर्टाची बटणे लावायला वेळ लागणे ही लक्षणे त्या नसांची नव्हेत. ती दिसताच चेताविकारतज्ज्ञांना दाखवावे.