मॉरिशस : एका चिमुकल्या बेटाचे राज्य आणि त्यातील मराठी माणूस

जगाच्या नकाशावर बोटाचे टोक ठेवले असता संपूर्ण देश त्याखाली झाकून जावा, अशी काही राष्ट्रे आहेत. पॅसिफिक महासागरात अशा बेटांची माळच आहे. परंतु आम्हां मराठी व कोंकणी वाचकांच्या जिव्हाळ्याचे बेट पॅसिफिकमध्ये नसून हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस सुमारे 800 किलोमीटरांवर आहे. त्याचे नाव मॉरिशस. ज्या देशात गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी संपूर्ण राष्ट्रास मिळते, त्या देशाचा भूगोल, तेथील लोक आणि तेथील राज्यकारभार यांची ओळख आपणांस असू नये, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. यास्तव हा लेखनप्रपंच.

प्रथम भूगोल पाहू. मॉरिशसचे मुख्य बेट ज्वालामुखीतून जन्मले. त्याचे क्षेत्रफळ अवघे 1,865 चौरस किलोमीटर. पूर्वेस सुमारे 560 किलोमीटरांवर रॉड्रिग्ज हे दुसरे वस्तीचे बेट असून आगालेगा आणि सेंट ब्रँडन ही लहान बेटेही याच राज्यात मोडतात. एवढ्या राज्याची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे आमच्या एकट्या इंदूर शहराहून कितीतरी कमी. बेटाभोवती प्रवाळाचे कडे आहे, त्यामुळे किनाऱ्यालगतचे पाणी तळ्यासारखे शांत असते. मध्यभागी पठार आहे, कडेला तुटक डोंगर आहेत, आणि सर्वांत उंच शिखर 828 मीटरांचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानाने ठेंगणेच. उन्हाळ्यात चक्रीवादळे येतात. त्या वादळांपुढे टिकणारे पीक म्हणून ऊस लावला गेला, आणि त्या उसाने पुढे बेटाचे सारे भवितव्य ठरविले.

या बेटास मूळचे रहिवासी नव्हतेच. 1598 मध्ये डच खलाशांनी त्यास आपल्या राजपुत्राचे, मॉरिसचे, नाव दिले. 1638 मध्ये त्यांनी वसाहत केली आणि 1710 मध्ये ती सोडून दिली. उडता न येणारा डोडो पक्षी याच शतकात नामशेष झाला. 1715 मध्ये फ्रेंच आले. त्यांनी पोर्ट लुई हे बंदर उभारले, आफ्रिका व मादागास्कर येथून गुलाम आणले आणि उसाची लागवड वाढविली. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले व 1814 च्या पॅरिसच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. परंतु फ्रेंच रहिवाशांचे कायदे, भाषा व धर्म राखण्याचे वचन इंग्रजांनी दिले होते, आणि ते बव्हंशी पाळलेही गेले. म्हणूनच आजही तेथील दिवाणी कायदा नेपोलियनच्या संहितेवर उभा आहे, पुराव्याचा कायदा व न्यायालयीन पद्धती मात्र इंग्रजी वळणाची आहे. एकाच वकिलाच्या कपाटात पॅरिस आणि लंडन शेजारी शेजारी नांदतात, हे आम्हां कायद्याच्या व्यवसायातील लोकांस मोठे कौतुकाचे वाटते.

1835 मध्ये गुलामगिरी बंद झाली आणि मळेवाल्यांना हात कमी पडू लागले. तत्पूर्वीच, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, ‘ॲटलस’ नावाच्या जहाजातून हिंदी मजुरांची एक तुकडी पोर्ट लुईस उतरली होती. हे मजूर गुलाम नव्हते, ते करारबद्ध होते. त्या कराराच्या इंग्रजी शब्दाचाच अपभ्रंश होऊन ‘गिरमिट’ हा शब्द रूढ झाला. पाच वर्षे काम, दरमहा पाच रुपयांच्या आसपास वेतन आणि वर शिधा, असा ढोबळ मानाने व्यवहार असे. 1849 पासून मजूर ज्या आवारात उतरत, त्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आज जागतिक वारसा म्हणून जपल्या आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे या बेटावर आली. बहुतेक कलकत्त्याहून व मद्रासेहून, आणि सर्वांत कमी मुंबईहून.

या मुंबईच्या वाट्यातच आमचा कोंकणी-मराठी माणूस होता. रत्नागिरी, सावंतवाडी व आसपासच्या मुलुखांतून ही कुटुंबे निघाली आणि मुंबई बंदरातून गलबतावर चढली. कोकणची तुटपुंजी शेती आणि खोतीचा भार ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या प्रस्थानाचे कारण निराळे सांगावयास नको.

करार म्हणजे दोन स्वतंत्र पक्षांची संमती, असे आम्ही विद्यार्थिदशेत शिकलो. परंतु मॉरिशसचा गिरमिट वाचला म्हणजे त्या व्याख्येचा पोकळपणा ध्यानात येतो. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. 1867 च्या कायद्याने, ज्याची मुदत पुरी झाली त्या जुन्या मजुरासही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. तो जवळ नसला की भटका ठरून तुरुंग. अडॉल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका मळेवाल्याने 1871 मध्ये हजारो मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरास दिला, तेव्हा शाही चौकशी आयोग बसला आणि काही जाच कमी झाला. 1901 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी या बेटावर थोडे दिवस थांबले. मुलांना शिकवा व राजकारणात लक्ष घाला, असा त्यांचा उपदेश होता. 1907 मध्ये त्यांच्याच प्रेरणेने मणिलाल डॉक्टर हे गुजराती बॅरिस्टर तेथे गेले, मजुरांचे खटले लढले आणि त्यांनी ‘हिंदुस्थानी’ हे पत्र काढले. पुढे 1912 मध्ये हेच मणिलाल पॅसिफिकमधील फिजी बेटावर तेथील गिरमिटियांसाठी गेले, आणि 1920 मध्ये तेथील सरकारने त्यांना हद्दपार केले. दोन महासागरांतील दोन बेटांची व्यथा एकाच वकिलाने अंगावर घेतली, ही गोष्ट आम्हां वकील मंडळींनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

12 मार्च 1968 रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. दांडीयात्रेस ज्या दिवशी आरंभ झाला तोच हा दिवस. सर शिवसागर रामगुलाम हे पहिले पंतप्रधान. 12 मार्च 1992 पासून देश प्रजासत्ताक आहे. राष्ट्रपतीची निवड विधिमंडळ करते, खरी सत्ता पंतप्रधानाच्या हाती असते. निवडणुकीत 62 सभासद निवडले जातात. मुख्य बेटावर वीस मतदारसंघ असून प्रत्येकातून तिघे, आणि रॉड्रिग्जमधून दोघे. ज्यास अधिक मते तो निवडून येतो, या पद्धतीमुळे 1982, 1995 आणि 2024 अशा तीन वेळा एकाच आघाडीस 62 पैकी 60 जागा मिळाल्या. अंतिम अपिलाचे न्यायालय मात्र अद्यापि लंडनची प्रिव्ही कौन्सिल हेच आहे.

या घटनेतील एक तरतूद विशेष विचार करण्याजोगी आहे. निवडणुकीत कोणत्याही समाजास फार थोड्या जागा मिळाल्या, तर पराभूत उमेदवारांपैकी उत्तम मते मिळविलेल्यांतून आठपर्यंत जादा सभासद घेण्याची सोय तीत आहे. त्यासाठी घटनेने लोकांचे चार समाज पाडले : हिंदू, मुसलमान, चिनी वंशाचे, आणि उरलेले सर्व ‘सामान्य’ समाज. प्रत्येक उमेदवाराने आपला समाज सांगावा, असा दंडक. 1982 मध्ये घटनादुरुस्ती करून शिरगणतीतून समाजाचा प्रश्न काढून टाकला, त्यामुळे हिशोबासाठी 1972 चेच जुने आकडे धरले जाऊ लागले. ज्यांनी समाज सांगण्यास नकार दिला, त्यांचे अर्ज नाकारले गेले. तेव्हा ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे गेले, आणि 2012 मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिले. 2014 च्या निवडणुकीपुरती तात्पुरती सूट देण्यात आली. दुर्बळास संरक्षण द्यावयाचे, तर त्याची गणना करावी लागते, आणि गणना करीत राहिले, तर माणसे रकान्यांत अडकून पडतात. हा पेच केवळ मॉरिशसचा नव्हे.

राज्याच्या हद्दीचाही एक जुना दावा आहे. स्वातंत्र्यापूर्वी, 1965 मध्ये, इंग्रजांनी चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला, आणि दिएगो गार्सिया येथे लष्करी तळासाठी तेथील रहिवाशांना घरादारांतून हलविले. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे विलगीकरण बेकायदेशीर ठरविणारे मत दिले. मे 2025 मध्ये उभय देशांनी सार्वभौमत्व मॉरिशसकडे सोपविण्याच्या करारावर सह्या केल्या. तळ मात्र 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने राहावा, असे त्यात ठरले.

आता आमच्या माणसाकडे वळू. 2011 च्या शिरगणतीत सुमारे 48 टक्के लोकांनी आपला धर्म हिंदू सांगितला, परंतु घरी बोलावयाची भाषा म्हणून 80 टक्क्यांहून अधिक लोकांनी क्रिओल सांगितली. फ्रेंचमधून घडलेली ही बोली तेथील मराठी घरांतही पसरली. असे असूनही मराठीपण पुसले गेले नाही. हेन्रिएटा येथील भिवाजी घराण्याने 1896 मध्ये गणपती बसविला, आणि तेथूनच बेटावरील गणेशोत्सवाचा आरंभ धरतात. भिवाजी हे आपल्या कोकणात पाळण्यात ठेवावयाचे नाव. तिकडे ते आडनाव होऊन बसले. पूर्वजांच्या नावावरून आडनाव पडणे हा गिरमिटियांच्या वंशजांत सर्वत्र आढळणारा प्रकार आहे. कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने अजून नाचली जाते. महाशिवरात्रीस लोक कावडी घेऊन गंगातलावाकडे चालत जातात, त्यांत मराठी मंडळीही असतात. उगादीची सुट्टी म्हणजे आपल्या पाडव्याचाच दिवस.

परंतु केवळ देवळाने भाषा राखली, असे आम्ही म्हणणार नाही. तेथे शाळेत पूर्वजांची भाषा म्हणून हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू यांबरोबर मराठीही शिकविली जाते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे उच्च अध्ययन होते. मराठी मंडळी संघाच्या शाखा गावोगाव आहेत. आणि या शिक्षणासाठी लढाही झाला. प्राथमिक शाळेच्या अंतिम परीक्षेत पौर्वात्य भाषेचे गुण, नामांकित माध्यमिक शाळांच्या प्रवेशक्रमात धरावेत काय, असा वाद 1990 नंतरच्या दशकात उठला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने आक्षेप घेणाऱ्या पालकांच्या बाजूने निकाल दिला. परंतु 1998 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला व घटनेतील भेदभावबंदी सरकारच्या धोरणाच्या आड येत नाही असे ठरविले. लंडनच्या न्यायासनापुढे मराठीच्या गुणांचाही विचार व्हावा, याची कल्पना रत्नागिरीहून निघालेल्या त्या मजुरास कोठून असणार!

असो. हे सारे लिहिताना आमचे चित्त वारंवार आमच्या सुदामा नगरात परत येते. भाद्रपदात गल्लीत मंडप पडतो, आरती सर्वांस पाठ असते, आणि शेवटी ‘मोरया’चा घोष इतका मोठा होतो की शेजारच्या वस्तीत ऐकू जावा. परंतु आरतीतील एखाद्या शब्दाचा अर्थ मुलांस विचारला, तर उत्तर हिंदीत येते, आणि अनेकदा येतही नाही. आमचे पूर्वज होळकरांच्या राज्यात तलवार व लेखणी घेऊन आले. त्यांस परवाना बाळगावा लागला नाही की दोन दिवसांचा पगार गमवावा लागला नाही. महाराष्ट्र येथून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. तरीही, समुद्रापार गेलेल्या, निरक्षर मजुराच्या पणतूला शाळेत मराठीची क्रमिक पुस्तके मिळतात, आणि आमच्या मुलांस ती बहुधा मिळत नाहीत.

यास कायदा आड येतो असे म्हणावे, तर तसेही नाही. राज्यपुनर्रचनेच्या वेळी, 1956 मध्ये, भारताच्या घटनेत 350 अ हे कलम घातले गेले. भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. 29 व 30 ही कलमे तर मूलभूत हक्कांतच आहेत. परंतु कायद्याचे एक रहस्य आम्ही पक्षकारांस नेहमी सांगतो : हक्क हा मागणाऱ्यासाठी असतो, न मागणाऱ्यासाठी तो नुसता कागद असतो. मॉरिशसच्या मराठी माणसाने शाळा मागितली आणि सुट्टी मागितली. आम्ही मात्र मंडप मागितला, ध्वनिक्षेपकाची परवानगी मागितली, आणि तेवढ्यावर समाधान मानले.

एक सावधगिरीही हवी. रकाने पाडून समाज राखण्याचा मॉरिशसचा मार्ग आपण जसाच्या तसा उचलावा, असे आम्ही सुचवीत नाही. त्याचे काटे वर दाखविलेच आहेत. परंतु मंदिराच्या सभामंडपात रविवारी एक तास मुलांस बाराखडी शिकविण्यास कोणाची संमती लागत नाही. आमच्या मंडळात या विषयाचा विचार चालू आहे. जागा आहे, शिकविणारे दोन निवृत्त शिक्षक तयार आहेत, उणीव आहे ती मुलांस पाठविणाऱ्या आईबापांची. कोंकणी बंधूंच्या घरीही याहून निराळी स्थिती असेल असे वाटत नाही.

सोळा पायऱ्या चढून गेलेल्या त्या अनोळखी कोकण्याने गाठोड्यात काय नेले होते, याची यादी कोणत्याही दफ्तरात नाही. त्याचे नाव, गाव, वय आणि उंची तेवढी नोंदली गेली. भाषा त्याने नोंदीबाहेरच नेली, आणि पुढल्यांनी ती नोंदीत आणली. आमची भाषा आज नोंदीत आहे. ती नोंदीबाहेर जाऊ द्यावयाची की नाही, याचा निर्णय येत्या रविवारी सभामंडपात येणाऱ्या मुलांच्या संख्येवरून लागावयाचा आहे.