ब्राउझरची गति आणि मेमरी

मुळशी म्हटलें कीं धरण आणि १९२१ चा सत्याग्रह आठवतो. परंतु याच तालुक्यांतील हिंजवडीची ओळख आज संगणक-व्यवसायामुळें आहे. तेथें काय आणि घरोघरीं काय, संगणकावर सदैव उघडा असतो तो ब्राउझर. टिम बर्नर्स-ली यांनीं १९९० मध्यें पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हां पानें बहुधा नुसत्या मजकुराचीं होतीं. पुढें चित्रें आलीं, चलच्चित्रें आलीं, पानांतच चालणारे प्रोग्रॅम आले. सारीं पानें एकाच प्रक्रियेंत उघडत असल्यामुळें एक अडखळलें कीं सगळींच थांबत. २००८ च्या क्रोमनें टॅबांना बहुधा स्वतंत्र प्रक्रिया दिल्या. अडचण मिटली खरी, पण मेमरीचा, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीचा, खर्च वाढला. एकत्र कुटुंब विभक्त झालें म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडास निराळी चूल लागतेच! फायरफॉक्सच्या कर्त्यांनीं २०११ पासून मेमरीची गळती नेटानें शोधून बुजविली. क्रोमनें २०१५ मध्यें, मेमरी अपुरी पडूं लागल्यास, न पाहिलेले टॅब तींतून उतरविण्याची सोय केली. टॅबचें नांव दिसत राहतें; तें दाबतांच पान पुन्हां मागविलें जातें. जोडणी मंद असेल तर हा व्यवहार महाग पडतो. म्हणून २०२२ अखेर आलेल्या ‘मेमरी सेव्हर’मध्यें ठराविक संकेतस्थळें सदैव जागीं ठेवण्याची मुभा दिली गेली.