लसीकावाहिनी आक्रमण (स्तनाच्या कर्करोगातील)

स्तनातील अर्बुदाच्या पेशी आसपासच्या लसीकावाहिन्यांत शिरल्याचे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणे. तपासणी-अहवालात त्याची नोंद ‘एलव्हीआय’ (लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन) अशी होते आणि तीत रक्तवाहिन्यांतील शिरकावही धरलेला असतो. स्तनाच्या कर्करोगात मात्र हा शिरकाव बहुतेक वेळा लसीकावाहिन्यांतच आढळतो.

निदान : गाठीच्या पातळ छेदांना हिमॅटॉक्सिलिन व इओसिन ही रंजके देऊन पॅथॉलॉजिस्ट तिच्या कडेबाहेरचा भाग तपासतात. फॉर्मॅलिनमध्ये ऊतक आकसल्यामुळे पेशींभोवती पोकळ्या पडतात आणि त्या वाहिन्यांसारख्या भासतात. म्हणून पोकळीला अंतःस्तराचे अस्तर असल्याची खात्री करावी लागते. शंका राहिल्यास लसीकावाहिन्यांचे अस्तर रंगवणारी ‘डी२-४०’ ही प्रतिपिंड चाचणी उपयोगी पडते.

महत्त्व : स्तनातील बहुतांश लसीका काखेतील ग्रंथींकडे जाते. त्यामुळे आक्रमण आढळल्यास त्या ग्रंथी बाधित असण्याची, तसेच रोग उलटण्याची शक्यता वाढते. ग्रंथी निरोगी असलेल्या रुग्णांत या नोंदीला विशेष मोल आहे, कारण तेथे धोक्याच्या इतर खुणा कमी असतात. २००५ च्या सेंट गॅलन तज्ज्ञसहमतीने अशा रुग्णांत गाठीभोवती विस्तृत आक्रमण असल्यास त्यांना कमी जोखमीऐवजी मध्यम जोखमीच्या गटात ठेवले. तरीही केवळ आक्रमणामुळे रोगाचा टप्पा बदलत नाही. उपचार ठरवताना गाठीचा आकार, श्रेणी, बाधित ग्रंथींची संख्या, इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ग्राही आणि हर-२ यांचा एकत्रित विचार होतो. आक्रमण आढळले म्हणजे रोग दूर पसरलाच असे नव्हे. न आढळले म्हणून तो पसरणार नाही, अशी हमीही मिळत नाही.

मुंबईतील कार्य : परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी वाहिली आणि भारतातील कर्करोग-विकृतिविज्ञानाचा पाया घातला. शस्त्रक्रियेच्या वेळी कर्कपेशींचा प्रसार रोखता येईल का, या प्रश्नावर याच रुग्णालयातील डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी भारतातील अनेक केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर चाचणी घेतली. शस्त्रक्रियेआधी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन टोचलेल्या गटात पाच वर्षांचे जीवितप्रमाण ९०.१ टक्के, तर इतरांत ८६.४ टक्के आढळले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ही चाचणी आक्रमणाच्या निदानाची नव्हती. पेशींच्या प्रसाराचा प्रश्न मात्र दोन्हीकडे समान आहे.

रुग्णांसाठी : नाहूर, भांडुप, मुलुंड या उपनगरांत शस्त्रक्रिया करून दुसऱ्या मतासाठी परळला जाताना अहवाल व स्लाइड यांबरोबर मेणात बसवलेले ऊतकाचे ‘ब्लॉक’ही न्यावेत. नवे छेद घेऊन विशेष चाचण्या करायच्या असतील, तर त्या ब्लॉकवरूनच होतात.